कंपन्यांचे दोन टक्के आणि आपली जुनी घटना

कार्यकारिणीत वाचनालयाच्या दुरुस्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "कंपन्यांकडे सीएसआरचा पैसा नुसता पडून आहे, एक अर्ज टाकायला काय जाते?" हे वाक्य उच्चारणारा सभासद चहाचा कप खाली ठेवतो आणि सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळतात. आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यातून बी.कॉम.! आपल्या समाजात बी.कॉम. झालेल्या माणसाला दोन कामे जन्माची चिकटतात, गणपतीचा हिशेब आणि संस्थेचे अर्ज. तेव्हा अर्ज आम्हीच टाकला. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा नकार आला. येत्या साधारण सभेत घटनादुरुस्तीचा जो ठराव येणार आहे त्यावरून आतापासूनच ओट्याओट्यावर कुजबुज सुरू झाली आहे, म्हणून त्या दोन नकारांची हकिकत सभासदांच्या कानावर घालणे आम्हांस आवश्यक वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात शिरले तेव्हा आपल्या तळमजल्यावरही आले. वाचनालयाच्या खालच्या दोन फळ्या पाण्याखाली गेल्या. पुस्तके गच्चीवर वाळत घातली, काहींवर इस्त्रीसुद्धा फिरवून पाहिली, पण चिकटलेली पाने सुटली नाहीत. वायरिंग गेले, लाकडी कपाटे फुगली. तेव्हापासून वाचनालय आठवड्यातून दोन दिवस उघडते, आणि अभ्यासिका बंद ती बंदच. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण पेढे वाटले, भाषणे केली. भाषणे चालू असताना मागच्या खोलीत त्याच अभिजात भाषेतली भिजलेली पुस्तके गोण्यांत भरून पडली होती. असो.

पहिला अर्ज आम्ही मार्च २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीकडे नेला. तीन पानी अर्ज. पहिल्या दोन पानांत संस्थेची उज्ज्वल परंपरा, श्रीमंत सयाजीराव महाराजांचा काळ, कोण कोण थोर मंडळी येऊन गेली त्यांची यादी. तिसऱ्या पानाच्या शेवटी पाच लाखांची मागणी, त्यातले तीन वाचनालयासाठी आणि दोन व्याख्यानमालेसाठी. कंपनीचा अधिकारी तरुण आणि सज्जन होता. चहा पाजून त्याने सांगितले की व्याख्यानमालेला सीएसआरमधून पैसा देता येत नाही, एकदाच होऊन जाणारे कार्यक्रम त्यात बसत नाहीत, तसे परिपत्रक केंद्राच्या कंपनी मंत्रालयाने २०१४ च्या जूनमध्येच काढले आहे. शिवाय मार्च महिन्यात तुम्ही आलात, आमचे वर्षाचे ठरून गेले. मग त्याने विचारले, "साहेब, तमारो सीएसआर नंबर?" आम्ही आमचा मोबाईल नंबर सांगू लागलो!

या प्रसंगावर घरी मुलांनी हसून घेतले. पण आम्ही त्या रात्री बसून कायदा वाचला, आणि जे कळले ते थोडक्यात असे.

कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च केली पाहिजे. कशावर, ते कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिले आहे. तेथे शिक्षण आहे, आरोग्य आहे, वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांची दिवसाची केंद्रे आहेत, कला, वारसा, जुन्या इमारतींची दुरुस्ती आहे, आणि ज्यावर आमचे बोट थांबले ते म्हणजे सार्वजनिक वाचनालये. कायदा आणखी एक गोष्ट म्हणतो, कंपनीने आपला कारखाना जेथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावे. म्हणजे मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, सावली येथल्या कंपन्यांपुढे उभे राहताना आपण परके नाही.

मात्र १ एप्रिल २०२१ पासून कंपनीने पैसा संस्थेमार्फत खर्च करायचा म्हटले तर त्या संस्थेने आधी केंद्र सरकारकडे सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो. आणि ज्यांना आपण वर्षानुवर्षे १२ए आणि ८०जी म्हणत आलो त्या आयकराच्या नोंदण्या चालू असाव्या लागतात. त्या आता कायमच्या राहिलेल्या नाहीत, मुदतीच्या झाल्या आहेत, आणि मुदत संपण्यापूर्वी सहा महिने नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. २०२१ च्या बदलानंतर जुन्या संस्थांना नव्याने नोंदणीसाठी किती वेळा मुदतवाढ मिळाली ते आठवा. शेवटची तारीख ३० जून २०२४ होती आणि आपला अर्ज गेला २६ जूनला! पाच दिवस उशीर झाला असता तर आज हा लेख लिहायलाही कारण उरले नसते.

नोंदण्या होत्या, तरी सीएसआर-१ भरायला बसलो तेव्हा खरी पंचाईत झाली. चॅरिटी कमिशनरच्या कचेरीतून पीटीआरचा उतारा आणला तर त्यावर सात विश्वस्त. पैकी चार कैलासवासी! पाचवे पुण्याला मुलाकडे. गेल्या पंधरा वर्षांत एकही चेंज रिपोर्ट भरलेला नाही. बँकेत सही चालते ती मात्र सध्याच्या चिटणीस आणि खजिनदारांची, ज्यांचे नाव उताऱ्यावर कोठेच नाही. आमच्या काउंटरवर असे खाते घेऊन कोणी आले असते तर आम्हीच फॉर्म परत केला असता, आणि वर दोन शब्दही ऐकवले असते. दुसऱ्याच्या कागदांत चूक काढण्यात आमची हयात गेली, स्वतःच्या संस्थेचा उतारा पाहायला मात्र पूर यावा लागला. जुजबी कागद गोळा करून सीएसआर क्रमांक कसाबसा मिळवला, पण चेंज रिपोर्ट अजून पुरे झालेले नाहीत.

दुसरा अर्ज त्याच वर्षी पावसाळ्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीकडे केला. या वेळी इतिहास चार ओळींत आटोपला. किती कपाटे, कोणत्या मापाची, वायरिंगची तीन दरपत्रके, जमिनीपासून किती फुटांवर पहिली फळी येणार, अभ्यासिकेत किती मुले बसतील, रोजचे तास कोणते, विजेचे बिल कोण भरणार, सारे लिहिले. मागणी चार लाख दहा हजार, आणि संस्था स्वतःचे एक लाख घालणार. अर्ज आवडला. संस्थेची घटना मागवली. आठ दिवसांनी घटना परत आली, त्यावर कंपनीच्या वकिलाने दोन कलमांभोवती लाल पेनाने चौकटी केल्या होत्या.

पहिले कलम म्हणते, वास्तूचा व उपक्रमांचा लाभ सभासद व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुरता राहील. दुसरे आपल्या विद्यार्थी फंडाचे, "ज्ञातीतील होतकरू मुलांस" मदत देण्याचे. अधिकारी म्हणाला, "साहेब, आ तो तमारा समाजनुं काम छे ने? सार्वजनिक क्यां छे?"

आम्हांस राग आला. बाहेर येऊन स्कूटर चालू केली तरी उतरला नव्हता. पण तो खोटे काय बोलला? परिशिष्टात शब्द आहे सार्वजनिक वाचनालय. सभासदांपुरते चालते त्याला क्लब म्हणतात, मग त्यात कॅरम असो की ज्ञानकोश. मराठी ही भाषा आहे, जात नव्हे, धर्म नव्हे, त्यामुळे मराठी भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थेला कायद्याने आडकाठी नाही. पण विशिष्ट जातीच्या किंवा धर्मपंथाच्या लाभासाठी आहे असे ज्या संस्थेच्या घटनेत लिहिलेले असेल तिला ८०जी मिळू शकत नाही, हे स्पष्ट आहे. नव्याने नोंदणी झाली तेव्हा ती जवळजवळ आपोआप झाली. नूतनीकरणाच्या वेळी आयकर आयुक्तांचे कार्यालय घटना वाचते. म्हणजे कंपनीचा पैसा नको असला तरी हे दुसरे कलम आपल्याला जड जाणारच आहे.

म्हणून ठराव असा आहे: वाचनालय व अभ्यासिका परिसरातील कोणाही वाचकाला व विद्यार्थ्याला खुली करावी, आणि विद्यार्थी फंडातून "ज्ञातीतील" हा शब्द काढून "गरजू" हा शब्द घालावा. सभासदत्व, मतदान, कार्यकारिणी, गणेशोत्सव यांना हात लावलेला नाही. (उद्देश बदलले की चॅरिटी कमिशनरकडे नोंद करून आयकर खात्याकडे पुन्हा अर्ज करावा लागतो, तेही काम आमच्याच गळ्यात येणार हे आम्ही धरून चाललो आहोत.)

आमच्या गल्लीतले एक ज्येष्ठ सभासद आहेत, वय ऐंशीच्या घरात, संस्थेसाठी यांनी तरुणपणी विटा उचलल्या आहेत. ते आम्हाला म्हणाले, "अरे, आज अभ्यासिकेत कोणीही येऊन बसेल, उद्या सभासदत्व मागेल, परवा निवडणुकीला उभा राहील. मग आपले म्हणून काय उरले?"

आम्ही म्हटले, "काका, दार उघडतोय ते फक्त वाचनालयाचे."

"आज वाचनालयाचे," काका म्हणाले.

ही भीती वेडगळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. या शहरातली मराठी शाळांची अवस्था आपण डोळ्यांदेखत पाहिली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या आपले म्हणून जपले ते हातातून जाताना पाहिलेल्या माणसाने कडी घट्ट लावली तर त्याला हसू नये. पण मराठी शाळांत परके शिरले म्हणून त्या ओस पडल्या काय? आपणच आपली मुले इंग्रजी शाळेत घातली. आमचीही दोन्ही तेथेच शिकली, लपवण्यात अर्थ नाही. वाचनालयाचे रजिस्टर आम्ही तपासले. पुरापूर्वीच्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी अकरा वाचक, त्यांतले आठ साठीच्या पुढचे. दार बंद ठेवून आपण राखतो आहोत ते काय, हा प्रश्न काकांनी स्वतःला विचारावा. आम्ही त्यांना तसे म्हणालो नाही, धीर झाला नाही, म्हणून येथे लिहितो.

मागच्या गल्लीत एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात अशी घरे आहेत. परीक्षेच्या दिवसांत तिथली दहावी-बारावीची मुले देवळाच्या पायऱ्यांवर पुस्तक घेऊन बसलेली आम्ही रोज बँकेतून येताना पाहतो. गुजराती आहेत, उत्तर प्रदेशातून आलेल्या रिक्षावाल्यांची आहेत, दोन शिंप्याची मुसलमान मुले आहेत, आणि तीन चक्क मराठी आहेत, ज्यांचे बाप आपले सभासद नाहीत कारण वर्गणी कधी मागायलाच कोणी गेले नाही!

आणि हे वडोद्यात नवीन आहे काय? महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण केले, ते सर्वांसाठी. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणून मोफत सार्वजनिक वाचनालयांचे जाळे उभे केले, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, तेही सर्वांसाठी. त्या योजनेतली एक गोष्ट आम्हा हिशेबी माणसाला फार आवडते. गावाने वाचनालयासाठी आपला हिस्सा आधी जमवायचा, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार. राजा होता तरी त्याने फुकट दिले नाही, आधी तुमचे किती ते विचारले. आज कंपनी तेच विचारते तेव्हा आपल्याला अपमान वाटतो, आणि अर्जात मात्र आपण त्याच महाराजांचे नाव दोन पाने घोळवतो.

दुसरीकडे काही मंडळींचे म्हणणे, घटना वगैरे कशाला बदलता, आपल्या नगरसेवकाकडून कंपनीला फोन करवा. आम्ही या मार्गाच्या स्पष्ट विरुद्ध आहोत. निवडणूक आली की आपल्या हॉलचे स्मरण कोणाकोणाला होते ते सर्वजण जाणतात. एका फोनवर आलेले चार लाख आपल्या नावे उधारीच्या चोपड्यात लिहिले जातील आणि पाच वर्षे वसूल होत राहतील. आज प्रभागात मराठी मतांना जे काही वजन आहे ते आपण कोणाचे देणे लागत नाही म्हणून आहे. या पत्रकातून आपण राजकारणावर रोखठोक लिहितो, तेव्हा पत्रकाचा खर्च आणि वाचनालयाचा हिशेब यांची खाती वेगळी हवीत, एक रुपयाही इकडचा तिकडे जाता कामा नये. कंपन्यांना राजकीय पक्षाला दिलेली देणगी सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे पैसा राजकारणाच्या वाऱ्यालाही गेला नाही ना, याची त्यांना धास्ती असते.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगू नये असे कार्यकारिणीतल्या काहींचे मत होते. दुसऱ्या नकारानंतर एका तिसऱ्याच कंपनीकडून निरोप आला. घटनेची अडचण नाही, सगळा खर्च देतो, वर दहा लाखांपर्यंत जाऊ. याच कंपनीच्या सांडपाण्याबद्दल खालच्या अंगाच्या गावकऱ्यांची तक्रार आपल्या पत्रकाने आदल्या वर्षी छापली होती. निरोप्याने सहज म्हणून सुचवले, पुढच्या अंकात कारखानाभेटीचा सचित्र वृत्तान्त द्या. कायद्याने मालाच्या जाहिरातीसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, पण गप्प बसण्याचा खर्च कोणत्या सदरात पडतो ते कायद्यात लिहिलेले नाही. बैठकीत दोन तास वाद झाला. मतदान सहा विरुद्ध पाच असे झाले आणि निरोप परत गेला. आम्ही सहांत होतो. त्या पाचांतही संस्थेच्या काळजीने झोप न लागणारी माणसे आहेत, त्यांना वाईट म्हणू नये. पण सहा-पाच हा फरक आम्हांस फार कमी वाटला.

मग पैसा कोठून आणायचा? आमच्या मते मोठ्या नावांच्या मागे धावणे सोडावे. तेथे देशभरच्या मोठमोठ्या संस्था रांगेत असतात. सरासरी पाच कोटी नफा असलेली कंपनी घ्या. तिचे दोन टक्के म्हणजे दहा लाख. वर्षाची जबाबदारी पन्नास लाखांच्या आत असेल तर तिला वेगळी सीएसआर समितीही नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवते. अशा ठिकाणी हे काम हिशेबनिसाकडे असते, आणि त्याला ते ओझे वाटत असते. न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारच्या ठरावीक फंडात भरावी लागते, म्हणून फेब्रुवारीत त्याची तारांबळ उडते. चालू प्रकल्प असेल तर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. हे हिशेबनीस आमच्या काउंटरवर रोज येतात. त्यांना हवी असते जवळची, कागद नीट असलेली, बिले वेळेवर देणारी संस्था. त्यांना एप्रिल-मेमध्ये भेटावे, वर्षाचा आराखडा ठरण्याआधी.

पैसा आल्यावर त्यासाठी स्वतंत्र खाते उघडावे. बिल संस्थेच्या नावाचे, पैसे चेकने किंवा खात्यातून. एका माणसाला एका दिवसात रोखीने दहा हजारांवर दिले तर आयकरात तो खर्च धरत नाहीत, आणि आपल्याकडे सुताराला रोख देण्याची जुनी सवय आहे. खर्च योग्य झाला हे कंपनीच्या अर्थप्रमुखाला लिहून द्यावे लागते, तेव्हा तो आपल्याकडे प्रत्येक कागद मागणारच. रागावू नये.

पगार मात्र या पैशातून करू नये, असे आमचे ठाम मत आहे. शहरातल्याच एका संस्थेने कंपनीच्या मदतीवर संगणक वर्ग काढला, शिक्षिका नेमली. दोन वर्षांनी कंपनीचे धोरण बदलले, पैसा दुसऱ्या कामाकडे वळला. बाईंना घरी बसावे लागले आणि संगणक प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली गेले. कपाट एकदा आले की आपले. कायद्यानेही अशी वस्तू संस्थेच्या मालकीची राहू शकते. ग्रंथपालबाईंचा पगार आणि विजेचे बिल वर्गणीतूनच निघाले पाहिजे, त्यासाठी वर्गणी वाढवावी लागली तर वाढवावी. गणपती आणि व्याख्यानमालाही आपल्याच खिशातून. त्यात कोणाला विचारायचे नाही, कोणाला दाखवायचे नाही.

काका सभेला येणार आहेत आणि ठरावाच्या विरोधात बोलणार आहेत. त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, मधे कोणी बोलू नये, अशी आमची तरुण सभासदांना विनंती आहे.

आणि एक. चार दिवंगत विश्वस्तांपैकी दोघांचे मृत्यूचे दाखले मिळाले, दोघांचे अजून हवे आहेत. त्यांची कुटुंबे दांडिया बाजारातून कधीच हलली, एक मुंबईला आणि एक बहुधा इंदूरला. ज्यांच्याकडे त्यांचा पत्ता असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर वाचनालयात आणून द्यावा. मंगळवार आणि शुक्रवार सोडून येऊ नये, बाकीचे दिवस कुलूप असते.